पाडवा ते मृग : लहान शहरात उन्हाळी उपक्रम तडीस कसा न्यायचा

मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमाराला कुठल्याही लहान शहराच्या एसटी स्टँडबाहेर उभं राहून पाहा. पाणपोईचा फलक तसाच असतो, त्यावरचे नऊ चेहरेही तसेच हसत असतात. खालचा रांजण मात्र कोरडा, तोटीला फडकं गुंडाळलेलं आणि आत कुणीतरी टाकलेली गुटख्याची पुडी. पाडव्याला नारळ फुटला तेव्हा चाळीस माणसं होती. रांजण कोणत्या दिवशी आटला ते त्यांच्यापैकी एकालाही सांगता येणार नाही.

साताऱ्यात आम्ही पंधरा-वीस जण दर उन्हाळ्यात काही ना काही करतो. पहिल्या वर्षी आमचाही रांजण असाच आटला होता. नारळ फोडायला सगळ्यांना येतं, तेव्हा त्याबद्दल इथे काही नाही. हे लिहिलंय ते नारळानंतरच्या साठ-सत्तर दिवसांसाठी.

रोजचं काम एकच धरा

पहिल्या बैठकीत चहा येईपर्यंत पाणपोई, रक्तदान, वृक्षारोपण, मुलांचं शिबिर, व्याख्यानमाला आणि पक्ष्यांसाठी पाणी असं सगळं ठरून गेलेलं असतं. हे होऊ द्या, उत्साहाला लगेच विरजण नको. चहा संपल्यावर मात्र कागदावर तीन रकाने पाडा : रोजचं काम, रविवारचं काम, एका दिवसाचं काम. पाणपोई आणि झाडांना पाणी ही रोजची कामं. बारव किंवा तळ्याची सफाई रविवारची. रक्तदान एका दिवसाचं. प्रत्येक रकान्यातून एकच उचला. रोजची दोन कामं एकाच गटाने घेतली की महिन्याभरात त्यातलं एक मरतं, आणि मरणारं काम नेहमी पाण्याचंच असतं.

झाडांबद्दल माझं मत जरा कडू आहे. उन्हाळ्यात नवी रोपं लावू नका. गेल्या जुलैत ज्यांच्यासोबत फोटो काढले त्यातली किती उरली ते मोजा आणि तेवढीच जगवा. रोपापासून वीतभर अंतरावर बुडाला बारीक भोक पाडलेलं, कापडाची वात घातलेलं मडकं पुरायचं आणि आठवड्यातून दोनदा भरायचं. वरून बादलीने ओतलेलं पाणी निम्मं उन्हालाच जातं. आळ्यात पालापाचोळा पसरला तर तेवढ्याच पाण्यात ओल आणखी टिकते.

व्याख्यानमाला हा वेगळा संसार आहे, त्यात इथे शिरत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून चालू आहे आणि तिच्याकडे बघून राज्यातल्या अनेक गावांनी आपापल्या माला सुरू केल्या. तुम्हाला करायचीच असेल तर मोठ्या वक्त्यामागे धावण्याआधी साडेसहा म्हणजे साडेसहा एवढं पाळून दाखवा. श्रोते त्यानेच टिकतात.

आधी पंचांग उघडा

उन्हाळ्यातला कार्यकर्ता दोन ठिकाणी हरवतो : लग्नात आणि गावच्या जत्रेत. म्हणून तारखा ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर पुरत नाही, पंचांग लागतं. लग्नाचे दाट मुहूर्त असतील ते रविवार आधीच खोडून टाका. त्या दिवशी तुमचे कार्यकर्ते, तुमचा मंडपवाला, तुमचा ट्रॅक्टरवाला सगळे कुणाच्या तरी पंगतीत असतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात, शहरात राहणारा माणूस त्या दोन दिवसांसाठी गावी जातोच. प्रत्येकाला आपल्या गावची जत्रा कधी ते बैठकीतच विचारून लिहून घ्या. अक्षय्य तृतीया मात्र सोडू नका. त्या दिवशी उदककुंभ दान करायची जुनी चाल आहे. आधी जाऊन बोललात तर तोच माठ, तोच वाळा आणि तेच पैसे पाणपोईला मिळतात.

शाळांच्या सुट्ट्यांचंही गणित आहे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, बाकी राज्यात जूनच्या मध्याला. मुलं हाताशी असतात ती मुख्यतः मे महिन्यात, आणि त्यातलीही निम्मी आजोळी गेलेली असतात.

माणसं कुठे मिळतात, आणि पाळ्या कशा लावायच्या

व्हॉट्सॲपवर आवाहन टाकून माणसं येत नाहीत, अंगठे येतात. माणसं मिळतात ती आधीपासून रोज भेटणाऱ्या टोळक्यांत. सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढणारे गट, रिक्षा स्टँड, बचतगट, भिशी, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, मंदिरातलं भजनी मंडळ. टोळक्यातल्या एकाला पटलं की उरलेले चार त्याच्यामागून येतात, कारण नाही आले तर दुसऱ्या दिवशी चेष्टा होते.

पाळी लावताना माणसाला काम देऊ नका, वार द्या. "काका, तुमचा फक्त मंगळवार. सकाळी साडेसात ते आठ." काका म्हणतात, "अहो, मी रोज येतो की!" इथे मोहात पडायचं नाही. रोज येतो म्हणणारा चौथ्या दिवसापासून येत नाही आणि त्याच्या भरवशावर बाकीचेही येत नाहीत. सात वार, सकाळ आणि दुपार, म्हणजे चौदा माणसं. शिवाय चार बदली. बदलीवाल्याला फोन कुणी करायचा तेही ठरवा : ज्याला यायला जमणार नाही त्यानेच. संयोजकाने फोन करायची सवय लावली की साठ दिवस संयोजकच पाणी भरतो. हे मी स्वतःच्या कंबरेवरून सांगतोय.

गटावर रोज आठ वाजेपर्यंत एक फोटो टाकायचा. भरलेल्या रांजणाचा, माणसाचा नाही. ज्या दिवशी फोटो आला नाही त्या दिवशी बदलीवाल्याने निघायचं. एवढी एकच शिस्त पाळलीत तर बाकी नियम कमी केले तरी चालतात.

आणि शेजारचा दुकानदार. झेरॉक्सवाला, टपरीवाला, चप्पल शिवणारे आजोबा, जे कोणी पाणपोईला लागून बसत असतील त्यांना पाणपोई सुरू करण्याआधी विचारा, त्यांच्या हस्तेच ती सुरू करा आणि किल्ली त्यांच्याकडे ठेवा. रांजणात पुडी पडली तर ती त्यांना आधी दिसते. पहिल्या वर्षी आम्ही एका बड्या माणसाच्या हस्ते उद्घाटन केलं आणि शेजारच्या टपरीवाल्याला साधं बोलावलंही नाही. त्याने वर्षभर आमच्याकडे पाहिलं नाही, रांजणाकडे तर नाहीच.

परवानगी आणि पैसे

रस्त्याकडेला काहीही उभं करायचं तर नगरपालिकेला अर्ज, स्टँडच्या आवारात असेल तर आगारप्रमुखांना. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घ्यायचा. पुढे कुणी काही विचारलं तर हाच कागद दाखवायचा. कार्यक्रमाला लाउडस्पीकर असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद.

वर्गणीचं प्रकरण लोक हलक्यात घेतात. तुमची संस्था नोंदणीकृत न्यास नसेल आणि तुम्ही लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करणार असाल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं दरवर्षी हीच घेतात. पैशांची यातायात कमी करायची असेल तर सोपा मार्ग आहे : पैसे घेऊच नका, वस्तू घ्या. एकाने दोन रांजण, एकाने तोट्या, एकाने पेले, एकाने सावलीचं शेडनेट. वस्तूला पैशांइतका हिशेब लागत नाही आणि देणारा येता-जाता आपली वस्तू नीट आहे ना बघून जातो.

पाणपोई

पाणी पाजणं ही आपल्या भागातली फार जुनी गोष्ट. कान्हेरीच्या लेण्यांतल्या ब्राह्मी शिलालेखांत पाण्याचं टाकं दान दिल्याच्या नोंदी आहेत, टाक्याला तिथे 'पोढी' म्हटलंय. ज्याने टाकं खोदवलं त्याने आपलं नाव कोरून घेतलंच आहे, तेव्हा फलकावरच्या नऊ चेहऱ्यांना फार नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याचं टाकं मात्र अजून जागेवर आहे.

जागा निवडताना वर्दळीपेक्षा थांबणं बघा. चौकात माणसं पळत असतात, पाणी पिणार कधी? माणूस थांबतो तो एसटी स्टँडवर, सिव्हिलच्या फाटकाशी, तहसील कचेरीबाहेर, बँकेच्या रांगेत आणि बाजाराच्या कडेला. जागा नक्की करण्याआधी दुपारी एक ते तीन तिथे स्वतः बसा. सावली सरकते. सकाळी अकराला गर्द सावलीत असलेली जागा दोन वाजता भट्टी झालेली असते.

आता पाण्याचा हिशेब. एक माणूस साधारण पाव लिटर पितो. दिवसाला ५०० माणसं धरली तर १२५ लिटर, आणि पेले विसळणं, सांडणं, कुणी तोंड धुणं धरून २०० लिटर. एका रांजणात ४०-५० लिटर मावतं. म्हणजे चार रांजण, किंवा दोन रांजण दिवसातून दोनदा. आमचा पहिला रांजण आटला त्याला कारण हेच होतं, आम्ही सकाळी एकदाच भरत होतो आणि पाणी संपत होतं बाराला, ऐन तहानेच्या वेळी.

नवा रांजण एक दिवस पाण्याने भरून ठेवायचा आणि ते पाणी ओतून द्यायचं, मगच वापरायचा. खाली ओली वाळू, भोवती ओलं पोतं. मातीतून पाझरलेलं पाणी उडून जाताना आतली उष्णता नेतं, म्हणून त्याला वारा लागला पाहिजे. रांजण भिंतीला चिकटवून ठेवला किंवा बाहेरून ऑइलपेंटने रंगवला तर तो गार करणं सोडून देतो. देणगीदाराचं नाव रांजणावर रंगवायचा आग्रह झाला तर हे कारण सांगा, ते खरंही आहे आणि कुणी दुखावतही नाही. चिपळूण-रत्नागिरीच्या दमट हवेत रांजण साताऱ्या-सोलापूरइतका गार होत नाही. तिकडे दाट सावली आणि तीनदा भरणं हाच उपाय.

स्वच्छतेसाठी तोटी लावलेलाच रांजण घ्या. झाकण काढून आत पेला बुचकळला की संपलं. तोटी मिळाली नाही तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि पाणी वाढायला माणूस बसवा, पण ते साठ दिवस झेपत नाही. नळाचं पाणी पालिकेने क्लोरीन घालूनच दिलेलं असतं. टँकरचं किंवा विहिरीचं असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं क्लोरीनचं द्रावण बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घालून अर्धा तास थांबायचं, मग तोटी उघडायची. क्लोरीन उरलंय का हे ओटी टेस्टने कळतं, थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं म्हणजे आहे. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी ही तपासणी करतात, त्यांना विनंती केली की दाखवून देतात. आठवड्यातून एकदा रांजण रिकामा करून काथ्याने घासायचा, साबण लावायचा नाही, माती साबण पिते.

सांडपाण्याकडे कुणी बघत नाही आणि पाणपोई बंद पडते ती बऱ्याचदा चिखलामुळे. तोटीखाली घमेलं ठेवा, त्यातलं पाणी जवळच्या झाडाला. झाड नसेल तर दोन फूट खोल खड्डा काढून दगड-विटांचे तुकडे भरा. शेजारी पसरट परळ ठेवलं तर चिमण्या-कावळे पितात, फक्त त्यातलं पाणी रोज ओतून नवं भरायचं, नाहीतर आपणच डास पाळले असं होतं.

ताक-सरबत वाटपाच्या भानगडीत शक्यतो पडू नका. करायचंच असेल तर बर्फ कुठला ते विचारा. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर करायचा नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणून तो पिण्याच्या पाण्याचाच असेल असं नाही. बर्फाशिवायचं पन्हं माठात छान गार होतं.

बारवेतले रविवार

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर बघायला लांबून लोक येतात. छत्रपती शाहू महाराजांच्या काळातली, अठराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत बांधलेली. तिला आपली गरज नाही. गरज असते ती पेठेच्या मागच्या, कुणी फोटो न काढणाऱ्या बारवेला, जिच्या पायऱ्यांवर निर्माल्याच्या पिशव्या, बाटल्या आणि तडा गेलेल्या देवांच्या तसबिरी साठल्यात.

हे काम मे महिन्यातच होतं, कारण पाणी तळाला गेलेलं असतं आणि पायऱ्या उघड्या पडतात. वळवाचा पाऊस जोरात झाला की संपलं. मालकी आधी शोधा : खासगी, देवस्थानची, पालिकेची, की संरक्षित स्मारक. संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय कचराही हलवू नका. कोणत्याही बारवेला सिमेंट, चुना, ऑइलपेंट लावायचा नाही. शेवाळ काढायला ॲसिड तर मुळीच नाही. सांध्यातलं पिंपळाचं मूळ ओढून काढू नका, दगड सोबत येतो. ते वरून छाटा आणि पुढचं जाणकाराला विचारा.

गाळाचं गणित सांगतो, म्हणजे रविवार किती लागतील ते कळेल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अंदाजे एक ट्रॅक्टर ट्रॉली. त्याला तीनशेच्या आसपास घमेली लागतात. पंचवीस माणसांची साखळी मिनिटाला पाच घमेली वर सरकवते, म्हणजे ट्रॉलीला तास. सकाळी साडेसहा ते साडेनऊ काम केलं, मध्ये चहा-पोहे झाले, तर दोन ट्रॉल्या. पन्नास माणसं आली तर चार होतील असं नाही, पायरीवर जागाच नसते. जास्तीच्या लोकांना वर कचरा निवडायला बसवा. काच, कपडे, प्लास्टिक वेगळं केल्याशिवाय शेतकरी गाळ नेत नाही.

तसबिरींचं काय करायचं हा खरा पेच असतो. त्या कचऱ्याच्या ढिगात गेलेल्या कुणी पाहिल्या तर काम तिथेच थांबतं. काच आणि चौकट वेगळी करायची, कागद स्वच्छ जागी खड्डा करून मातीत. हे करायला गल्लीतल्या एखाद्या आजींना किंवा गुरवांनाच पुढे करा. आमच्याकडे एका आजींनी प्रत्येक तसबिरीला हात जोडून ती उचलली, त्यानंतर त्या पायऱ्यांवर कुणी पिशवी टाकताना आम्ही पाहिलं नाही.

धोक्याचं सांगायचं राहू नये. वर सांगितलं ते पायऱ्यांच्या, उघड्या बारवेबद्दल. अरुंद, खोल किंवा झाकलेल्या आडात स्वयंसेवकाने उतरायचं नाही. खाली प्राणवायू कमी असू शकतो, विषारी वायू साठलेला असू शकतो. कंदील सोडून बघायची जुनी रीत सगळे वायू ओळखत नाही. डिझेल पंप आत उतरवून चालवणं म्हणजे धूर आत कोंडणं. एक जण बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, असं अनेकदा झालंय. तिथे अग्निशमन दलालाच बोलवा. साप दिसला तर साखळी वर घ्या आणि सर्पमित्र येईपर्यंत चहा प्या.

रक्तदान : गर्दीची तारीख टाळा

१४ एप्रिल आणि १ मे या दिवशी गल्लोगल्ली शिबिरं असतात. रक्तातल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. सगळं रक्त एकाच आठवड्यात जमा झालं तर मे अखेरीस पेढी पुन्हा रिकामी, कारण तेव्हा कॉलेजं बंद आणि दाते गावी. म्हणून आधी रक्तपेढीत जाऊन तुम्हाला कधी कमी पडतं ते विचारा आणि तीच तारीख घ्या. तेव्हाच्या चाळीस पिशव्या १ मेच्या दीडशेपेक्षा मोलाच्या. १४ जूनला जागतिक रक्तदाता दिन असतो, निमित्त हवंच असेल तर ते आहे.

दात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. पुरुषांनी दोन दानांत तीन महिने आणि स्त्रियांनी चार महिने अंतर ठेवायचं. गेल्या वर्षभरात गोंदवून घेतलं असेल तर थांबायचं. हे सगळं आधीच्या निरोपात लिहा. हिमोग्लोबिन कमी भरलं म्हणून परत पाठवलेल्या बायका हिरमुसतात, त्यांच्यासाठी चहाबरोबर दोन शब्द आणि डॉक्टरांचा सल्ला तिथेच मिळेल असं बघा. प्रत्यक्ष रक्त काढायला आठ-दहा मिनिटं लागतात, पण नोंदणीपासून बिस्किटापर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. पाच खाटा असतील तर दहा वाजता शंभर जणांना बोलावू नका, वेळा वाटून द्या. शिबिर सकाळी आठलाच सुरू करा. दाते उपाशी नकोत. दान झाल्यावर पंधरा मिनिटं बसवायचं, आणि लगेच उन्हात दुचाकीवर पाठवायचं नाही. भेटवस्तू देऊ नये असं माझं मत आहे. हेल्मेटसाठी रांगेत उभा राहिलेला माणूस आपला आजार लपवतो.

उन्हाचं भान

मैदानी कामं सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. डोक्याला टोपी नाहीतर उपरणं नसेल त्याला घमेलं द्यायचं नाही, मग तो अध्यक्ष का असेना. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या, त्यांना बारवेच्या खालच्या पायऱ्यांवर उतरवू नका.

कुणाला गरगरलं, पेटके आले तर सावलीत बसवून ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा लहान. माणूस बरळायला लागला, अंग तापून बेशुद्ध झाला तर उष्माघात समजा : १०८ ला फोन, कपडे सैल, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

मृग लागल्यावर

पहिला चांगला पाऊस झाला की पाणपोई बंद करण्याचा दिवस ठरवून बंद करा, आपोआप बंद पडू देऊ नका. फलक त्याच दिवशी उतरवा. रांजण घासून दोन दिवस उन्हात वाळवा, ऊन नसेल तर वाऱ्यावर, आणि कुणाच्या तरी पडवीत फळीवर पालथे घाला. तोट्या काढून डब्यात, डब्यावर मापाची चिठ्ठी, कारण पुढच्या मार्चमध्ये ते माप कुणालाच आठवत नाही. वहीत चार ओळी लिहा : रोज किती पाणी लागलं, कोणत्या वारी पाळी चुकली, कुणाकडून काय घेतलं, परत काय द्यायचंय. मग शेजारच्या टपरीवर जाऊन चहा घ्या आणि वही तिथेच ठेवा.